यंत्र पुण्यात आणून ठेवावे

"ओव्हाळ, आज संध्याकाळ फार लांबली," मंदाकिनीबाई मागून येऊन कानाशी हळूच म्हणाल्या.

सीताराम ओव्हाळांनी मान हलवली. अंधारात हललेली मान बाईंना दिसली नसणार हे लक्षात आल्यावर ते घशातल्या घशात "हो" म्हणाले. त्यांचा उजवा हात दिव्यांच्या गोल बटणावर होता. घुमटाच्या कडेनं लावलेले निळसर दिवे ते केव्हापासून हळूहळू उतरवत होते. आणखी थोडं, मग आणखी थोडं. एव्हाना पश्चिमेला एखादी तरी चांदणी दिसायला हवी होती. पण घुमट पुसलेल्या फळ्यासारखा कोरा होता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आले, ते बघ, आले." मग सगळ्या बाजूंनी तो ओळखीचा हुंकार उठला. तारे आले होते. बाकी सगळ्यांना आले होते.

ओव्हाळांनी बटण आहे तिथंच सोडलं आणि बोलायला सुरुवात केली. आवाज कापला नाही. याचं त्यांनाच नवल वाटलं. हातातल्या टॉर्चमधून घुमटावर बाण पडतो, तो त्यांनी इतक्या वर्षांच्या सवयीनं मृगाच्या पट्ट्यावर नेऊन ठेवला. निदान ठेवला असावा. बाणसुद्धा त्यांना धुरकट दिसत होता. खेळ संपला, टाळ्या पडल्या, कुणाला काही कळलं नाही. मात्र दिवे लागल्यावर त्यांच्या शर्टाची पाठ घामानं चिकटलेली होती, आणि मार्च नुकताच लागला होता.

हे तारांगण पुण्यातल्या एका जुन्या शाळेच्या माथ्यावर आहे. मंडईपासून चालत येण्याजोगं. शाळेला अंगण नव्हतं, म्हणून बांधणाऱ्यांनी घुमट थेट चित्रकलेच्या वर्गाच्या डोक्यावर चढवला. रस्त्यावरून तो पाण्याच्या टाकीसारखा दिसतो आणि आसपासचे जुने लोक शाळेला अजून 'टाकीची शाळा' म्हणतात. डासांची तपासणी करणारा एक माणूस एकदा वरपर्यंत येऊन झाकण कुठं आहे म्हणून विचारून गेला होता. खरं तर घुमट दोन आहेत. बाहेरचा काँक्रीटचा, पावसासाठी. आतला आकाशासाठी. आतला घुमट बारीक भोकांच्या पत्र्याचा करायचा बेत होता, म्हणजे आवाज त्यातून निघून जातो. पण त्या काळी तसा पत्रा मिळाला नाही आणि गवंड्यांनी जाळीवर गुळगुळीत गिलावा केला. त्यामुळे तिथं कुजबुज भिंतीवरून सरपटत जाते. दक्षिणेला निवेदकाच्या टेबलाशी कुणी पुटपुटलं, तर बरोब्बर समोर, उत्तरेच्या दाराजवळच्या खुर्चीत ते कानात सांगितल्यासारखं ऐकू येतं. आणि उलटही. मधल्या कुणाला पत्ता लागत नाही.

घुमटाच्या तळाला, सगळ्या बाजूंनी, काळ्या पत्र्यात कापलेलं पुण्याचं क्षितिज आहे. शाळेच्या पहिल्या चित्रकला शिक्षकांनी गच्चीवर उभं राहून ते रेखाटलं होतं. पर्वती, तिच्या पलीकडे सिंहगड, मंडईचा मनोरा, एका गिरणीचं धुराडं. आता गच्चीवरून यातलं काहीच दिसत नाही, चारी बाजूंनी इमारती उठल्यात. पण आत अजून सूर्य सिंहगडाच्या उजव्या अंगाला मावळतो.

आणि टेबलावर एक पाटी आहे. बाईंच्या आधीच्या प्रमुखांनी रंगवून घेतलेली. 'खेळ संपल्यावर यंत्र पुण्यात आणून ठेवावे. कारणे सांगू नयेत.' मधोमध जो भोकांचा काळा गोळा आहे, ज्यातल्या दिव्यानं घुमटावर तारे पडतात, तो टेबलाशेजारच्या चाकानं कलवता येतो. चाक फिरवलं की प्रेक्षक श्रीनगरला जातात, विषुववृत्तावर जातात, उत्तर ध्रुवावर जातात. कुठंही जा, पण निघताना चाक पुण्याच्या खुणेवर हवं. इथल्या मंडळींत खेळ संपल्यावर कुणी 'झालं का?' असं विचारत नाही. 'पुण्यात आणलंय ना?' असं विचारतात.

ओव्हाळ पाटबंधारे खात्यात कारकून होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. चार माणसांत त्यांना बोलता येत नसे. कार्यालयात निरोपसमारंभाला त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तर ते उभे राहिले, पाणी प्यायले आणि खाली बसले. आयुष्यभर त्यांनी ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचली, त्यातली बरीच आकाशाची, पण आपल्याला काही येतं असं त्यांना कधी वाटलं नाही. आपण शास्त्र शिकलेलो नाही, उगाच उसनं बोलतो, असंच वाटायचं. फक्त या घुमटाखाली, दिवे उतरले की त्यांची जीभ सुटायची. कुणाचा चेहरा दिसत नाही, आपला कुणाला दिसत नाही. तिथं ते असे बोलत की शाळेतून आलेली दंगेखोर मुलंही गप्प होत. दर शनिवारी तेवढा वेळ सीताराम ओव्हाळ नावाचा माणूस बोलत असे. बाकीचा आठवडा तो बसथांब्यावर उभा असे.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. दिवसा वाचता येईल, समोरचं दिसेल. बाजूचं आणि अंधारातलं आधी जातं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायचं. ओव्हाळ एकटेच गेले होते. थेंबांची बाटली त्यांनी कपाटात पुस्तकांमागे ठेवली. घरी सांगितलं असतं तर आधी बायकोनं, चंद्रभागेनं, शनिवार बंद केला असता, असं त्यांना वाटत होतं. आणि बाईंना सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता, कारण तारे न दिसलेल्या त्याच शनिवारी, खेळानंतर, बाईंनी त्यांना थांबवून घेतलं होतं.

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्तीनंतर तारांगण त्यांच्याकडे आलं. त्यांनी सांगितलं ते असं. संस्थेला हा गोळा काढून संगणकाचं नवं यंत्र आणायचंय. त्यात आकाश असतं आणि निवेदनही आधीच भरलेलं असतं. बोलायला माणूस लागत नाही. पत्र्याचं क्षितिजही जाईल. कारण नव्या पडद्याला ते आड येतं. पुढच्या शनिवारी कार्यवाह आणि संस्थेची मंडळी खेळ बघून काय ते ठरवणार आहेत.

"सलिल म्हणाला, मी करतो," बाई म्हणाल्या. सलिल म्हणजे यंत्राची देखभाल करणारा तरुण. "मी म्हटलं, तू मशीन सांभाळ. बोलणार ओव्हाळ. माणूस का लागतो हे त्यांना कळायचं असेल तर तुमच्याकडूनच."

ओव्हाळांनी तोंड उघडलं. आतून शब्द वर आलाही होता. पण ट्यूबलाइट लख्ख होती, बाई सरळ तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

तो आठवडा त्यांना स्वस्थ बसवेना. धायरीच्या घरात ते या खोलीतून त्या खोलीत जात. पुस्तक उघडत, मिटत. सोमवारी स्वारगेटला चुकीच्या बसमध्ये चढले आणि कात्रजला जाऊन परत आले. मंगळवारपासून ते दुपारीच शाळेत जायला लागले. किल्ली त्यांच्याकडे होतीच. दिवे लावून, रिकाम्या घुमटाखाली बसून ते टेबलाच्या कठड्यावर बोटांनी जागा पाठ करत. टॉर्च या खिळ्याला टेकवला की बाण मृगावर. कोपर कठड्याला लावून मनगट पूर्ण वर केलं की व्याध. कठड्याला त्यांनी दोऱ्याच्या गाठीसुद्धा बांधल्या. यंत्राची मोटर किती घरघरली की आकाश किती सरकतं, तेही डोळे मिटून ऐकून ठेवलं. अभ्यास चांगला होत होता. तरी प्रत्येक वेळी बाहेर पडताना त्यांना वाटायचं, हे आपण काय करतोय.

चंद्रभागाबाई काही विचारत नव्हत्या. त्या सासवडकडच्या. पुण्यात येऊन त्यांचा जन्म गेला तरी माहेरची बोली त्यांनी सोडली नव्हती. संध्याकाळी भाजी आणायला दोघं निघाले, की हल्ली ओव्हाळ त्यांच्या खांद्यावर हात ठेवत. उड्डाणपुलाच्या कामानं रस्ता खणलेला, म्हणून, असं त्यांनी कारणही तयार ठेवलं होतं.

"लग्नात मंडपात हात धरा म्हटलं तर लाजून मेला होता," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "आता धायरीच्या चौकात गळ्यात पडायला लागलात."

ओव्हाळ हसले. थोडं पुढं गेल्यावर त्या म्हणाल्या, "शनिवारी मी येते तिकडं."

"तुला झोप लागते तिथं."

"लागू दे की. माझी झोप मी बघंन."

शनिवारी त्या खरंच आल्या, चांगली साडी नेसून. आणि आत शिरल्यावर कुणी न सांगता त्या सरळ उत्तरेच्या दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. ओव्हाळांना ते दुरून दिसलं आणि कान गरम झाले. लग्नानंतर त्यांनी बायकोला पहिल्यांदा इथं आणलं होतं, तेव्हा तिला त्याच खुर्चीत बसवून, स्वतः टेबलाशी येऊन, भिंतीकडे तोंड करून तिचं नाव घेतलं होतं. घरात आईवडिलांसमोर नावानं हाक मारायची सोय नव्हती. तिनं दचकून मागे बघितलं होतं. ती खुर्ची तिच्या लक्षात असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी महाविद्यालयाच्या मुलांसाठी सलिलनं एक खेळ केला होता. सलिल हिंजवडीला संगणक कंपनीत नोकरी करायचा आणि सुटीच्या दिवशी यंत्राचं तेलपाणी बघायचा. गोळ्यावर पांढरं कापड घातलेलं होतं. धूळ बसू नये म्हणून ते अंधार झाल्यावरच काढायची पद्धत आहे. ओव्हाळ चष्मा सावरून चाकावरची खूण बघायला वाकणार, तोच बाईंनी दारातून हाक मारली. कार्यवाह आले होते, चहा आला होता. ओव्हाळ तसेच वळले.

"सलिल, पुण्यात आणलंय ना?" त्यांनी जाता जाता विचारलं.

"हो काका, डोन्ट वरी," सलिल म्हणाला. तो शिडीवर उभा राहून एक दिवा बदलत होता.

कार्यवाह नम्र, घाईतले गृहस्थ होते. त्यांनी चहा घेताना दोनदा घड्याळ बघितलं. ओव्हाळांची ओळख करून दिल्यावर त्यांनी विचारलं की एवढ्या वर्षांत काय काय बदललं, आणि ओव्हाळ बशीकडे बघत राहिले. बाईंनीच उत्तर दिलं. मंडळी आत येऊन बसली. आसपासच्या वाड्यांतली, सोसायट्यांतली नेहमीची माणसंही होती. सलिल उशिरा येणाऱ्यांना थोपवायला बाहेर दाराशी थांबला आणि दार लागलं.

ओव्हाळांनी संध्याकाळ केली. नेहमीपेक्षाही सावकाश. त्यांना आता वर बघायचं नव्हतं, फक्त ऐकायचं होतं. पुढं होऊन त्यांनी चाचपत गोळ्यावरचं कापड काढलं, परत येऊन बटण आणखी उतरवलं. "आले," कुणीतरी म्हणालं. हुंकार उठला. त्यांची छाती सैल झाली.

"आपण शाळेच्या गच्चीवर उभे आहोत," ते म्हणाले. अंधारात त्यांचा आवाज भरून आला. "डाव्या हाताला पर्वती. सिंहगडावर अजून थोडा उजेड आहे. आपल्या मागं, मंडईच्या मनोऱ्यावर, फार उंच नाही, एक साधासा तारा दिसतो. तो ध्रुव. आणि डोक्यावर, जरा दक्षिणेला कललेला, मृग."

टॉर्च खिळ्याला टेकला. बाण गेला.

बाई खोकल्या.

ओव्हाळ पुढं बोलत राहिले. मृगाच्या पोटातला तीन चांदण्यांचा बाण, मागं लागलेला व्याध. मोटर चालू केली, ती घरघरायला लागली. बाई परत खोकल्या, या वेळी जास्त. त्या कार्यवाहांच्या शेजारी पहिल्या रांगेत होत्या, उठून येणं शक्य नव्हतं. ओव्हाळांना वाटलं, त्यांचा घसा धरलाय. पण काहीतरी बिघडलं होतं. लोक गप्प होते, पण ती नेहमीची शांतता नव्हती. खुर्च्या करकरत होत्या. माना एकीकडे वळतायत, मग दुसरीकडे, असं त्यांना नुसत्या आवाजावरून जाणवत होतं. सांगितलेलं शोधणाऱ्या आणि न सापडणाऱ्या माणसांचा तो आवाज होता.

"बघा, आता मृग सिंहगडाकडे कलायला लागला," ते म्हणाले. आणि पुढचा शब्दच सुचेना. ते थांबले. मोटर घरघरत होती.

तेव्हा भिंतीतून आवाज आला. अगदी कानाशी. "अहो."

त्यांनी कान भिंतीकडे केला.

"तुमचं तीन चांदण्यांचं डोक्यावर न्हाई," चंद्रभागाबाई भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजत होत्या. "ते पार खाली डोंगरावरनं आडवं चाललंय. मावळत न्हाई काय न्हाई. सगळं जात्यावानी फिरतंय बघा. खुंटा वर, मधोमध."

जातं. खुंटा वर. ओव्हाळांच्या डोळ्यांपुढे, जिथं काहीच नव्हतं, तिथं सगळं आकाश एकदम उभं राहिलं. ध्रुव डोक्यावर. म्हणजे सकाळचा खेळ उत्तर ध्रुवाचा होता आणि यंत्र परत आणायचं राहिलं होतं. गेला कितीतरी वेळ ते लोकांना पुणं सांगत होते आणि लोक ध्रुवावर बसले होते. आणि दुसरं, त्याहून मोठं. तिला माहीत होतं. थेंबांची बाटली, खांद्यावरचा हात, सगळं.

त्यांनी मोटर बंद केली. शांत झालं. उठून निघून जावं, दार कुठं आहे तेवढं आठवतंय, असा विचार मनात येऊन गेला.

"आपण पुण्यात नाही," शेवटी ते म्हणाले. "आपण उत्तर ध्रुवावर आहोत. इथं काही उगवत नाही, काही मावळत नाही. डोक्यावर जो तारा जागचा हलत नाही, तो ध्रुव. आता घरी जाऊ या."

त्यांनी चाक धरलं. "मी चाक फिरवतो, तसा तो तारा खाली उतरेल. उत्तरेला, मंडईच्या मनोऱ्याकडे. तुम्ही त्याच्यावर नजर ठेवा. मनोऱ्याच्या टोकावर आला की मला सांगा."

चाक जड होतं. ते फिरवत राहिले. वर काय होत होतं ते त्यांनी कित्येकदा बघितलं होतं. सगळं आकाश एखादं भांडं कलंडावं तसं सावकाश कलंडतं. लोकांच्या तोंडून आवाज निघाला. कुणीतरी खुर्चीचे हात घट्ट धरले. "अजून आहे," एक बाई म्हणाली. "यायचाय. येतोय." मग दोनतीन आवाज, मग बरेच. लोक आता एकमेकांना सांगत होते, हात करत होते.

"थांबा," सगळे म्हणाले.

आणि भिंतीतून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं, "हां. बसला."

ओव्हाळांनी चाक सोडलं. तिथून पुढचा खेळ त्यांनी नीट केला. जिथं शंका आली तिथं विचारलं. व्याध दिसतोय ना, कशाच्या वर? लोक सांगत गेले.

दिवे लागले तेव्हा टाळ्या बराच वेळ पडल्या. कार्यवाह उठून टेबलाशी आले. त्यांचा चेहरा मघापेक्षा मोकळा होता.

"हे छान होतं," ते म्हणाले. "आधी चुकीचं सांगायचं, लोकांना गोंधळात पाडायचं आणि मग त्यांच्याकडूनच करून घ्यायचं. ही तुमची नेहमीची पद्धत का?"

"हो, म्हणजे ओव्हाळांची स्वतःची," बाई चटकन म्हणाल्या. "म्हणून तर म्हणते, जिवंत माणूस हवा."

सलिल दारातून आत आला होता. त्याची नजर चाकावर, मग गोळ्यावर गेली आणि चेहरा उतरला. भोवती माणसं जमली होती. उजेड होता. ओव्हाळांना सगळ्यांचे चेहरे दिसत होते, निदान समोरचे. चंद्रभागाबाई पलीकडे उभ्या राहून पदर सारखा करत होत्या. गप्प बसणं त्यांना आयुष्यभर जमलं होतं. आताही तेवढंच करायचं होतं.

"नाही," ते म्हणाले. आवाज फुटका निघाला, म्हणून त्यांनी परत म्हटलं. "नाही. पद्धत नाही. यंत्र ध्रुवावर राहिलं होतं आणि ते मला कळलं नाही. मला अंधारात दिसत नाही."

सलिल पुढं आला.

"काका, चूक माझी आहे," सलिल म्हणाला. "मी विसरलो. आणि न बघता हो म्हणालो."

"चाक बघायचं काम निवेदकाचं," ओव्हाळ म्हणाले. "आणि तारे बघायचं पण. गेल्या शनिवारीही मला एकही दिसला नव्हता."

कार्यवाहांनी घड्याळ बघितलं, मग न बघितल्यासारखं केलं. फार वाईट वाटलं म्हणाले, डोळ्यांच्या एका चांगल्या डॉक्टरांचं नाव सांगितलं, यंत्राचं काय ते पुढच्या सभेत ठरवू म्हणाले. मग मंडळी जिना उतरून गेली.

बाई टेबलाच्या कडेवर टेकल्या. त्यांना इतकं थकलेलं ओव्हाळांनी कधी बघितलं नव्हतं.

"ओव्हाळ, मी तुम्हाला खोटं बोलायची संधी देत होते."

"अंधारात दिली असती तर घेतली असती, बाई."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात लांबवून कठड्यावरच्या दोऱ्याच्या गाठी एकेक करून चाचपल्या, आणि त्या कशाच्या आहेत हे विचारलं नाही. ओव्हाळांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. टॉर्च सलिलच्या हातात दिला. सलिल तो घ्यायला तयार नव्हता, उगाच काहीतरी सेन्सर लावू, चाकाला घंटी बसवू, असं बोलत होता. ओव्हाळ म्हणाले, "बसव. पण संध्याकाळ हातानंच कर."

परतीच्या बसमध्ये चंद्रभागाबाई खिडकीशी बसल्या. स्वारगेट मागं पडलं.

"केव्हापासून ठाऊक आहे तुला?" ओव्हाळांनी विचारलं.

"पुस्तकांवरची धूळ कोण झाडतंय घरात?" त्या म्हणाल्या. आणि जरा वेळानं, "औषध दोन वक्ताला घालायचं असतंय. तुम्ही एकदाच घालता."

पुढच्या शनिवारी जायचं नाही, असं ओव्हाळांनी ठरवलं होतं. शुक्रवारी रात्री ते तसं म्हणालेही. शनिवारी दुपारी ते इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे होते आणि चंद्रभागाबाई पायात चपला सरकवत होत्या. संस्थेची सभा झालीच नव्हती, ती एप्रिलवर गेली होती. जिन्यात बाई भेटल्या. "तिकीट काढलंत का?" त्यांनी कोरडेपणानं विचारलं आणि दोघांना आत सोडलं.

ओव्हाळ उत्तरेच्या दाराजवळच्या खुर्चीत बसले, शेजारी चंद्रभागाबाई. प्रेक्षकांत बसून त्यांनी कधी खेळ बघितला नव्हता. खुर्ची फार मागं कलते, मान अवघडते, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. समोर, टेबलाशी, सलिल उभा होता. त्यानं चाकाकडे वाकून बघितलं. परत बघितलं. मग दिव्यांच्या बटणाला हात घातला.

संध्याकाळ धावत निघाली. सलिलचे हात घाबरलेले होते आणि घाबरलेला हात घाई करतो. उजेड पायऱ्या उतरल्यासारखा टप्प्याटप्प्यानं खाली येत होता. ओव्हाळ खुर्चीत चुळबुळले. आपण बोलावं का, आता आपला काय संबंध, पोराला काय वाटेल. गुडघ्यावरचा त्यांचा हात नकळत वळत होता, एक न दिसणारं बटण धरून.

ते भिंतीकडे वळले आणि थंड गिलाव्याशी तोंड नेलं.

"सावकाश," ते म्हणाले.

समोर सलिलचं डोकं झटकन वर झालं. उजेड जागच्या जागी थांबला. मग तो परत उतरायला लागला, पण आता उतरतोय हेही कळू नये असा. पर्वती काळी झाली, सिंहगड काळा झाला, मग ओव्हाळांना काहीच उरलं नाही. ते मान मागं टाकून वर तोंड करून बसून राहिले, इतर सगळ्यांसारखे, आणि कुणीतरी 'आले' म्हणण्याची वाट बघू लागले.